सेन्सर नोड भलतीच जागा दाखवतोय? या चुका टाळा

नकाशावर नोड (मोजमाप करून रेडिओने पाठवणारं छोटं यंत्र) शेजारच्या जिल्ह्यात दिसला की पहिला संशय जीपीएस मॉड्यूलवर जातो. ते बदलण्याआधी आकडा नीट वाचा. मॉड्यूल ४५३०.०००० असं पाठवतं, त्याचा अर्थ ४५ अंश ३० मिनिटं, म्हणजेच ४५.५ अंश. अनेक जण त्याला सरळ १०० ने भागून ४५.३० धरतात आणि नोड सुमारे २२ किलोमीटर सरकतो. ही चूक जागेनुसार कमी-जास्त होते, म्हणून ती हार्डवेअरचा दोष वाटते. मिनिटांना ६० ने भागा, मग अंशात मिळवा.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते: बॅटरी वाचवायची म्हणून वीस सेकंदांत रिसीव्हर बंद करणं. जीपीएस उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने पाठवतो आणि ती दर ३० सेकंदांनी पुन्हा येते. मध्येच वीज तोडली की पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. बॅटरी संपते, जागा मिळतच नाही. पहिल्यांदा उघड्यावर दोन-तीन मिनिटं द्या. मॉड्यूलची बॅकअप पिन (मुख्य वीज बंद असतानाही त्याची मेमरी टिकवणारी) जिवंत ठेवा. कक्षेची माहिती साधारण चार तास कामी येते, तेवढ्या वेळात जागा काही सेकंदांत मिळते. आणि नोड खांबाला कायमचा बांधलेला असेल तर पुन्हा पुन्हा विचारायचं कशाला? एकदाच निवांत मोजा, सरासरी काढा, मेमरीत लिहून ठेवा. पहिलाच फिक्स, म्हणजे मॉड्यूलने काढलेली पहिलीच जागा, मात्र घेऊ नका, तो बऱ्याचदा कच्चा असतो.

अँटेनाची सिरॅमिक बाजू आकाशाकडे हवी, धातूच्या डब्यात तर नकोच.

जीपीएसशिवाय जागा काढणारे बहुतेक जण नोडांमधल्या रेडिओ सिग्नलच्या ताकदीवरून अंतर काढायला जातात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ताकद ६ डेसिबलने घटते, म्हणजे साधारण पाव उरते, हे सूत्र खरं आहे. पण नोड जमिनीलगत असेल तर लांबवर ही घट १२ च्या आसपास जाते. ओली पानं, मध्ये उभा माणूस, वळलेला अँटेना यांनी १० डेसिबल सहज इकडेतिकडे होतात आणि सूत्र अंतर तिप्पट सांगतं. ज्या उंचीवर नोड बसणार तिथेच मोजून बघा, आणि ताकदीवरून फक्त ‘जवळ की लांब’ एवढंच ठरवा. नेमकं अंतर हवं असेल तर सिग्नलला लागणारा वेळ मोजा. तिथे घड्याळ सांभाळा: एका मायक्रोसेकंदाची चूक म्हणजे ३०० मीटर. जाऊन-येऊन लागणारा वेळ मोजला तर दोन घड्याळं जुळवण्याची कटकट बरीच कमी होते.

अंतरं बरोबर, तरी नोड कुंपणाच्या पलीकडे दिसतोय? तुमचे अँकर नोड (ज्यांची जागा आधीच माहीत आहे आणि ज्यांच्यापासून अंतर मोजतो ते) कुंपणालगत एका रेषेत असतील. अशा वेळी रेषेच्या दोन्ही बाजूंच्या जागा गणिताला सारख्याच दिसतात. कितीही सरासरी काढली तरी हे सुटत नाही. एक अँकर रेषेपासून चांगला लांब हलवावाच लागतो.