दोन वाहिन्या, एक कार्यक्रम : संयुक्त कमिशन कसे जुळवावे

टेलिव्हिजनच्या व्यवहारात ‘कमिशन’ म्हणजे दलाली नव्हे. प्रसारकाने निर्मात्याला पैसे देऊन नवा कार्यक्रम करून घेणे, असा त्याचा अर्थ आहे. एखादा प्रादेशिक आणि एखादा राष्ट्रीय प्रसारक मिळून हे काम करतात, तेव्हा त्याला संयुक्त कमिशन म्हणतात. वरवर पाहता ही दोन धनादेशांची बेरीज वाटते. प्रत्यक्षात मात्र निर्मात्याच्या टेबलावर दोन प्रेक्षकवर्ग, दोन वेळापत्रके, दोन संपादक आणि पुष्कळदा दोन भाषा येऊन बसतात. म्हणून पैशांची बोलणी सुरू होण्यापूर्वीच दोन प्रश्नांची उत्तरे लेखी मिळवावीत : मतभेद झाल्यास अखेरचा शब्द कोणाचा, आणि कार्यक्रम आधी कोणाच्या पडद्यावर दिसणार?

प्रथम कोणाला काय हवे आहे ते नीट ओळखावे. प्रादेशिक प्रसारकाकडे भाषा, माणसे आणि जागा असतात, पण मोठी कथामालिका एकट्याने पेलण्याइतका पैसा सहसा नसतो. राष्ट्रीय प्रसारकाकडे पैसा असतो. परंतु सगळे कार्यक्रम राजधानीतच होतात ही टीका त्याच्या मागे असते आणि काही देशांत कायद्याचा धाकही असतो. ब्रिटनमध्ये ऑफकॉम ही नियामक संस्था एखाद्या कार्यक्रमाला ‘प्रादेशिक निर्मिती’ मानताना तीन निकष लावते : निर्मितीचा खरा तळ लंडनभोवतीच्या एम-२५ महामार्गाबाहेर असणे, निर्मितीखर्चाचा किमान ७० टक्के भाग त्याबाहेर होणे आणि पडद्यामागील कलाकार-तंत्रज्ञांवरील खर्चापैकी किमान ५० टक्के खर्च त्याबाहेरच्या माणसांवर होणे. यांतले किमान दोन पूर्ण व्हावे लागतात. दारावर नुसती पाटी लावून प्रादेशिक म्हणवून घेण्याचा मोह या व्यवसायात नवा नाही. म्हणून असा निकष लागू असेल, तर कोणता खर्च कोठे होणार याचा तक्ता पहिल्याच अंदाजपत्रकाला जोडावा.

सहकार्याची व्यवस्था सर्वत्र सारखी नसते. जर्मनीत एआरडी हा नऊ प्रादेशिक प्रसारण संस्थांचा संघच आहे, आणि राष्ट्रीय वाहिनीवर कोणी किती वाटा द्यायचा हे आपसांतल्या ठरलेल्या प्रमाणानुसार चालते. त्यांची ‘टाटॉर्ट’ ही गुन्हेमालिका १९७० पासून अशीच चालू आहे. प्रत्येक संस्था आपापल्या शहरातले, आपापल्या तपास अधिकाऱ्यांचे भाग बनवते आणि रविवारी संध्याकाळी ते देशभर दिसतात. वेल्समध्ये १९८२ साली सुरू झालेली एसफोरसी ही वेल्श भाषेची वाहिनी मात्र बीबीसीपासून वेगळी संस्था आहे. बीबीसी तिला वर्षाला किमान ५२० तासांचे कार्यक्रम पुरवते, पण तो पुरवठा झाला, संयुक्त कमिशन नव्हे. हा फरक ध्यानात ठेवावा, कारण पुरवठ्यात हक्कांची वाटणी आधीच ठरलेली असते, तर संयुक्त कमिशनमध्ये ती प्रत्येक वेळी नव्याने ठरवावी लागते.

प्रस्ताव घेऊन आधी प्रादेशिक प्रसारकाकडे जावे, असे माझे मत आहे. राष्ट्रीय संपादकाने आधी होकार दिला की कथा त्याच्या प्रेक्षकाच्या मापाने बेतली जाते आणि प्रादेशिक भागीदार उरलेली रक्कम भरणारा ठरतो. उलट क्रमाने गेल्यास कथेची मुळे जागेवर राहतात. दोघांसाठी निवेदने वेगळी लिहावीत, पण कथा एकच सांगावी. एकाला कौटुंबिक नाट्य आणि दुसऱ्याला रहस्यकथा सांगितली, तर पहिल्याच संयुक्त बैठकीत ते उघडे पडते.

पैशांच्या बाबतीत नेहमीची कोंडी अशी, की दोघेही ‘दुसऱ्याचे पक्के झाल्यावर आमचे पक्के’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे दोघांकडून एकाच मुदतीची सशर्त हमीपत्रे घ्यावीत, आणि दोन्ही पत्रांत कार्यक्रमाचे नाव, भागांची संख्या, एकूण अंदाजपत्रक व दुसऱ्या भागीदाराची रक्कम अगदी सारखी असावी. आकड्यात किंवा भागांच्या संख्येत फरक राहिला, तर दोन विधी विभागांत महिनाभर पत्रव्यवहार चालतो. दोन्ही रकमा मिळूनही तूट उरली, तर ती वितरकाच्या आगाऊ रकमेतून किंवा जेथे मिळते तेथे करसवलतीतून भरतात. वितरक आपली रक्कम परदेशातील विक्रीतून आधी वसूल करतो, हे दोन्ही प्रसारकांना सुरुवातीलाच सांगावे.

हक्कांचा करार करताना प्रथम प्रसारणाचा मान, त्यानंतरचा राखीव काळ (ज्या काळात दुसऱ्याने तो कार्यक्रम दाखवायचा नसतो), पुनःप्रसारणांची संख्या आणि ऑनलाइन उपलब्धता ही चारही कलमे वेगवेगळी लिहावीत. वेल्समधील ॲबरिस्टविथ परिसरात चित्रित झालेल्या ‘हिंटरलँड’ या गुन्हेमालिकेचा क्रम येथे अभ्यासण्यासारखा आहे. ती २०१३ च्या ऑक्टोबरमध्ये प्रथम एसफोरसीवर वेल्शमध्ये आली, २०१४ च्या जानेवारीत बीबीसी वन वेल्सवर प्रामुख्याने इंग्रजी रूपात दिसली आणि त्यानंतर बीबीसी फोरमुळे ब्रिटनभर पोचली. लहान वाहिनीला पहिला मान मिळाला आणि मोठ्या वाहिनीचे त्यात काही बिघडले नाही. ऑनलाइनचे कलम सैल राहिले, तर मात्र हा सगळा क्रम व्यर्थ ठरतो. राष्ट्रीय प्रसारकाने पहिल्याच दिवशी सर्व भाग आपल्या ॲपवर खुले केले, तर दुसऱ्याच्या राखीव काळाला अर्थ उरत नाही.

भाषांचा प्रश्न सर्वांत खर्चिक असतो. डबिंग किंवा उपशीर्षके पुरेशी नसतील, तर प्रत्येक प्रसंग दोनदा चित्रित करावा लागतो. ‘हिंटरलँड’ तसेच झाले. समजा, पोलीस ठाण्यातला चौकशीचा प्रसंग आहे. पहिल्या भाषेत तो मनासारखा झाला की प्रकाशयोजना न हलवता लगेच दुसऱ्या भाषेत घ्यावा. मग चहाचा कप अर्धा आहे की रिकामा, सिगारेट किती जळली, भिंतीवरची सूचना कोणत्या भाषेत आहे, हे सगळे दोन्ही वेळा जुळले पाहिजे. कोणती भाषा आधी, हेही आळीपाळीने ठरवावे, कारण दुसऱ्या खेपेला नट थकलेला असतो आणि एकच भाषा कायम दुसरी राहिली तर ते पडद्यावर दिसते. चित्रीकरणाचे दिवस या हिशेबाने मागावेत. एकभाषिक मालिकेचे दिवस घेऊन द्विभाषिक मालिका होत नाही.

संपादकीय सूचनांसाठी एकच दार ठेवावे. रफ कट, म्हणजे पहिले कच्चे संकलन, पाहून राष्ट्रीय संपादक लिहितो, ‘हे गाव कोठे आहे ते कळत नाही.’ त्याच दिवशी प्रादेशिक संपादक लिहितो, ‘गावाची एवढी ओळख कशाला? हे सगळ्यांना ठाऊक आहे.’ दोघेही आपल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने बरोबरच असतात. अशा वेळी निर्मात्याने मध्यम मार्ग काढायला जाऊ नये. करारात नेमलेल्या प्रमुख संपादकाने दोन्ही पत्रे एकत्र करून एकच सूचनापत्र द्यावे आणि निर्मात्याने फक्त तेच पाळावे. जेथे करार मुभा देतो तेथे दोन वेगळी संकलने करावीत. तसेही जाहिराती असलेल्या वाहिनीचा एक तास सुमारे ४५ ते ४८ मिनिटांचा आणि जाहिरातमुक्त वाहिनीचा ५८ मिनिटांच्या आसपास असल्याने दोन लांब्यांची तयारी ठेवावीच लागते.

शेवटचा हप्ता कोणाच्या स्वीकृतीनंतर मिळणार, हेही आधीच लिहून घ्यावे. दोघांच्या तांत्रिक तपासणीचे नियम वेगळे असू शकतात. ध्वनीची पातळी, उपशीर्षकांची फाइल, श्रेयनामावलीतील बोधचिन्हांचा क्रम अशा किरकोळ कारणांवरून एकाने कार्यक्रम परत पाठवला, तर दुसऱ्याचाही हप्ता अडकतो. म्हणून प्रत्येकाचा हप्ता त्याच्या स्वतःच्या स्वीकृतीशीच बांधावा आणि परत पाठवण्याची मुदत दिवसांत मोजून नमूद करावी.