लॅपटॉपचा नेटवर्कवरून बॅकअप: पूर्ण केव्हा, इन्क्रिमेंटल केव्हा

पहिला पूर्ण बॅकअप वाय-फायवरून घेऊ नये. गिगाबिट केबलवरून सेकंदाला सुमारे १०० एमबी वेग मिळाला, तर ३०० जीबी माहिती ५० मिनिटांत घरच्या सर्व्हरवर पोहोचते. वाय-फायचा वेग २० एमबीवर आला, तर त्याच कामाला ४ तासांहून अधिक लागतात.

त्यानंतर रोजचा इन्क्रिमेंटल बॅकअप, ज्यात मागील बॅकअपनंतर बदललेली माहितीच जाते, वाय-फायवरून खुशाल घ्यावा. मात्र त्यासाठी मध्यरात्र न निवडता लॅपटॉप हमखास चालू असतो अशी वेळ निवडावी आणि हुकलेला बॅकअप लॅपटॉप सुरू होताच घेण्याची सोय असल्यास ती चालू ठेवावी.

खरी काळजी साखळीची आहे. पारंपरिक पद्धतीत फायली परत आणताना पूर्ण बॅकअप आणि त्यानंतरचे सगळे इन्क्रिमेंटल क्रमाने लागतात. मधला एक जरी खराब झाला, तरी त्यापुढच्यांवर विसंबता येत नाही. म्हणून दर महिन्याला नवा पूर्ण बॅकअप घ्यावा, आणि त्यातले एखादे फोल्डर प्रत्यक्ष परत आणून, उघडून पाहिल्याशिवाय जुना संच पुसू नये. अर्थात सर्व्हरवर किमान दोन पूर्ण संचांची जागा हवी. मी तीन संचांची ठेवतो.