कशामुळे आणि कशासाठी : मापाच्या वहीतलं मागचं पान

मी शिवणकाम करते. सांगलीत, शामरावनगरात, तळमजल्यावर. ऑगस्ट २०१९ ला पाणी चढायला लागलं तेव्हा माझ्याकडे २७ बायकांचे ब्लाऊजपीस होते. गौरीच्या आधी द्यायचा शब्द दिलेला. २००५ च्या पुराची खूण भिंतीवर होती, खिडकीच्या खालच्या कडेला. त्या खुणेच्या वर सगळं रचलं आणि मापाची वही फ्रिजवर ठेवून आम्ही बाहेर पडलो. फ्रिज पाण्यात आडवा होऊन तरंगतो, हे तोवर मला माहीत नव्हतं.

परत आले तर वही गाळात आणि सगळ्या पिसांचा एक गोळा. एका मरून रंगाच्या पिसाने बाकीच्या सगळ्यांना रंग दिलेला. हातात खराटा घेऊन उभी होते, तेवढ्यात मिरजेच्या आत्या म्हणाल्या, “जे होतं ते चांगल्यासाठीच होतं गं.”

खराटा खाली ठेवला नाही, एवढंच सांगते. पण त्या वाक्याचं करायचं काय, ह्यावर पुढे बराच विचार केला. माझी पद्धत अशी.

आधी ‘कारण’ हा शब्द उसवा. आपल्याकडे ह्या एका शब्दात दोन कापडं शिवलेली असतात : कशामुळे आणि कशासाठी. कागद घ्या, मधे रेघ मारा, डावीकडे ‘कशामुळे’, उजवीकडे ‘कशासाठी’. घाई उजवीकडचीच होते. दुखत असताना अर्थ लगेच हवा असतो. तरी सुरुवात डावीकडूनच करायची.

डावी बाजू भरायला मी गीतेचा आधार घेते. अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं सांगितलीत : अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि दैव. दैव पाचवं आहे! आपण तिथूनच सुरू करतो. जाणकार अधिष्ठान म्हणजे शरीर सांगतात. मी आपली माझ्या सोयीने ‘जागा’ धरते.

माझ्या पुराचं असं लिहिलं. जागा : सखल भाग, तळमजला. भाडं कमी होतं म्हणून घेतला आणि तेव्हा निळी रेषा म्हणजे काय ते विचारलंही नाही. (पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकेल असा पूर जिथवर पोचतो, ती निळी, शंभर वर्षांतला, ती लाल. घर घेताना नळाला पाणी किती वेळ येतं हे विचारता, तसं हेही विचारा.) कर्ता : मी. २००५ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं होतं, त्याहून जास्त काय येणार, असं धरून चालले. आलं ५७ च्या वर. करण, म्हणजे साधनं : टेम्पो मिळाला नाही, ओव्हरलॉक मशीन दोघींना उचलेना. चेष्टा, म्हणजे केलं काय : वही फ्रिजवर ठेवली. वरच्या मजल्यावरच्या वहिनींकडे दिली असती तर दोन मिनिटांचं काम होतं. हे लिहिताना फार लागलं. पाचवं, दैव : डोंगरात पडलेला पाऊस, धरणांतून सुटलेलं पाणी. त्यालाही कशामुळे आहेच, फक्त ते माझ्या हातात नाही.

एवढं लिहिलं की दोन गोष्टी होतात. आपली चूक आपल्या मापाची दिसते, ढगळ नाही आणि घट्टही नाही. आणि पुढे काय करायचं ते कळतं. आता मापांचे फोटो मोबाइलमध्ये असतात. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट आणि धोका ४५ ला. मी ३५ ला कापड वर हलवते. शेजारच्या हसतात. हसू देत.

उजवी बाजू पेन्सिलने लिहायची. पूर ओसरल्यावर मी चार महिने विश्रामबागला खोली घेतली. खाली गणवेशाचं दुकान होतं, त्यातून शाळेचं काम मिळालं, ते आजही चालू आहे. नणंद म्हणाली, “बघ, ह्याच्यासाठीच पूर आला!” पुरामुळे काम मिळालं, हे खरं. कृष्णामाई मला गणवेशाची ऑर्डर द्यायला घरात शिरली, हे मला पटत नाही.

इथे कपडा उलटा करून बघावा. खरी शिलाई आतून दिसते. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला होडी उलटली, त्यात किती माणसं गेली. पूर माझ्या गणवेशासाठी आला असेल, तर त्यांच्या घरी जाऊन मी हे म्हणू शकेन का? नाही म्हणू शकत. मग ते वाक्य माझ्या समाधानापुरतं. समाधान असायला हरकत नाही, पेन्सिलने. आमच्याच गल्लीतल्या ज्या दोघींचं दुकान परत उघडलंच नाही, त्यांचं वाक्य कुणी ऐकायला जात नाही, हेही त्या पानावर लिहून ठेवा.

दुसऱ्याला हे वाक्य कधी ऐकवायचं? ताज्या दुःखात, कधीच नाही. त्यापेक्षा “लाइट आली का? जेवलात का? एक खोली मी धुऊन देऊ का?” असं विचारा. पण समोरच्याने स्वतःहून म्हटलं, तर उसवायला जाऊ नका. माझ्या सासूबाई पाटण खोऱ्यातल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला तेव्हा त्यांचं घर पडलं, त्या वाचल्या. त्या भूकंपाचा संबंध शास्त्रज्ञ कोयना धरणाच्या जलाशयाशी लावतात, तो कशामुळेचा रकाना. सासूबाई म्हणतात, “देवानं मला पोरांसाठी मागं ठेवलं.” त्या जोरावर त्यांनी पाच मुलं वाढवली. मी तिथे वही काढत नाही.

मरून पीसवाल्या काकू दिवाळीआधी नवीन कापड घेऊन आल्या. भरपाईचं मी काढलं तर “गप गं” म्हणाल्या. वही गेलेली, म्हणून नव्याने माप घेतलं. छाती, कंबर, मुंढा. कंबर जुन्यापेक्षा दोन इंच वाढलेली निघाली. टेपकडे बघून काकू म्हणाल्या, “बघ, वही गेली ते चांगल्यासाठीच. जुन्या मापाचा मला चढला असता का?”

ते मी उजव्या रकान्यात लिहिलंय. शिलाई घेतली नाही.