पहिल्या वर्षाचा सेमिनार घेताय? या चुका टाळा

मुलांची गळती थांबवायची म्हणून कॉलेजं पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी सेमिनार, म्हणजे कॉलेजात रुळायला मदत करणारा सत्रभराचा वर्ग, सुरू करतात. वर्ष संपताना दोनपैकी एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘मुलं येतच नाहीत’, नाहीतर ‘येतात, पण गळती आहे तेवढीच आहे.’

सगळ्यात महागात पडते ती हिशेबातली चूक. सेमिनार ऐच्छिक असला की तो घेणारी मुलं मुळातच जास्त धडपडी असू शकतात. ती दुसऱ्या वर्षाला टिकली, तर श्रेय सेमिनारचं की त्यांच्या स्वभावाचं? दोन गटांचे टक्के शेजारी शेजारी मांडून हे कळत नाही. प्रवेशावेळचे गुण आणि घरची परिस्थिती मिळतीजुळती असलेली मुलंच तुलनेला घ्या. जागा कमी आणि इच्छुक जास्त असतील तर सरळ चिठ्ठ्या टाका, आणि नंबर न लागलेल्यांशी तुलना करा. याहून स्वच्छ कसोटी नाही.

अपेक्षाही बेताच्या ठेवा. पर्मझाडियन आणि क्रेडे या संशोधकांनी २०१६ मध्ये आधीच्या अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केलं. त्यात सरासरी परिणाम लहानच निघाला: दोन गटांतला फरक प्रमाण विचलनाच्या (स्टँडर्ड डेव्हिएशनच्या) मापात मोजला, तर दुसऱ्या वर्षी परतण्यावर ०.११, गुणांवर जेमतेम ०.०२. त्यामुळे ‘सेमिनारने निकाल सुधारेल’ असं वचन व्यवस्थापनाला देऊन बसू नका.

दुसरी चूक म्हणजे सगळंच कोंबणं. लायब्ररीची ओळख, वेळेचं नियोजन, करिअर, मानसिक आरोग्य, आणि दर आठवड्याला नवा पाहुणा वक्ता! सत्र संपतं तरी मुलांना एकमेकांची नावं ठाऊक नसतात. मूल अभ्यासात आणि माणसांत रुजलं तर टिकतं, हे गळतीचा अभ्यास करणारे अमेरिकी संशोधक विन्सेंट टिंटो यांनी १९७५ मध्येच मांडलं होतं. १९७० च्या विद्यार्थी आंदोलनानंतर अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिना विद्यापीठाने १९७२ मध्ये ‘युनिव्हर्सिटी १०१’ हा असाच सेमिनार सुरू केला, तोही विद्यार्थी आणि विद्यापीठ यांच्यातला तुटलेला विश्वास सांधायला. तेव्हा गट लहान ठेवा, सत्रभर शिक्षक तोच ठेवा. स्वतःचे तास भरत नाहीत म्हणून ज्या शिक्षकांच्या गळ्यात हा वर्ग पडतो, त्यांच्याकडून फार काही होत नाही. सेमिनारला क्रेडिट (पदवीत धरले जाणारे श्रेयांक) नसेल तर परीक्षा जवळ येताच वर्ग ओस पडतो, हेही ओघाने आलंच.

खरी कसोटी चौथ्या आठवड्याच्या आसपास लागते. एखाद्याने पहिला स्वाध्याय दिलेला नाही. त्याला त्याच दिवशी फोन गेला पाहिजे; सत्राअखेरच्या हजेरीपत्रकाचा काय उपयोग? फी थकली आहे की नोकरीची पाळी तासाच्या वेळेत येते, हे विचारल्याशिवाय कळत नाही. आणि कळल्यावर ‘ऑफिसात जाऊन ये’ म्हणू नका. कुणाला भेटायचं ते नाव सांगा, जमलं तर सोबत जा.

पदवीवरचा परिणाम मात्र वर्षभरात मोजता येत नाही. अमेरिकेत चार वर्षांच्या पदवीचं प्रमाण साधारणपणे सहा वर्षांनी मोजतात. म्हणून पहिल्या तुकडीची यादी आत्ताच नीट जपून ठेवा, आणि दुसऱ्या कॉलेजात गेलेल्यांचा रकाना वेगळा करा. नाहीतर तिकडे पदवीधर झालेली मुलंही तुमच्या दप्तरी गळतीतच जमा होतील.