चोक आधी, कात्री शेवटी: गच्चीवर ४० मीटरचा डायपोल

हॅम रेडिओचं (हौशी रेडिओचं) लायसन्स आणि कॉल साइन हातात आहे, रिग म्हणजे रेडिओ सेट घरी आला आहे आणि सोल्डरिंग येतं, एवढं गृहीत धरते. कॉल साइन व्हीयू२ ने सुरू होत असो की व्हीयू३ ने, आपल्याला किती वॅट आणि कोणता बँड दिलाय हे लायसन्समध्ये लिहिलेलं असतं, ते वाचून घ्या. सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी भेटा, अँटेना गच्चीवर चढल्यावर नाही.

पहिला अँटेना म्हणून मी प्रत्येकाला ४० मीटरचा इन्व्हर्टेड व्हीच सुचवते, म्हणजे मधून वर उचललेला आणि दोन्ही बाजूंना उतरणारा डायपोल (दोन सारख्या बाजूंच्या तारेचा अँटेना). ४० मीटर ही तारेची नाही, लहरीची साधारण लांबी; आपल्याकडे हा बँड ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ आहे. गच्चीपासून सहा-सात मीटरवर टांगलेली तार बरीचशी शक्ती वरच्या दिशेला फेकते आणि आयनोस्फिअरवरून ती आसपासच्या काही शे किलोमीटरवर उतरते. त्यामुळे पुण्यातून दिवसा कोल्हापूर, नाशिक, हुबळी अशी स्टेशनं छान मिळतात. परदेशी स्टेशनं नंतरही मिळवता येतील. आधी रोज बोलणारी माणसं मिळायला हवीत.

तार आणि टांगणी

दीड किंवा अडीच चौरस मिलिमीटरची घरगुती वायरिंगची तांब्याची तार चालते. मध्ये सहा मीटरचा बांबू किंवा जाड पीव्हीसी पाइप, टाकीच्या कठड्याला दोन ठिकाणी घट्ट बांधलेला. दोन्ही बाजू उतरत्या, मधला कोन ९० अंशांपेक्षा मोठा. गच्ची तेवढी लांब नसेल तर टोकाचे दीड-दोन मीटर आडवे वळवा. टोकं गच्चीच्या जमिनीपासून अडीच मीटर तरी वर हवीत, कारण ट्रान्समिट करताना सगळ्यात जास्त व्होल्टेज टोकांवर असतं आणि हात लागला तर भाजतं. गच्चीवर कपडे वाळत घालायला माणसं येतात, मुलं खेळतात. जवळून विजेच्या तारा जात असतील तर ती बाजू सोडूनच द्या. तिथे कुठलीही युक्ती करायची नाही.

माप: १४३ भागिले मेगाहर्ट्झमधली फ्रिक्वेन्सी म्हणजे एकूण मीटर. ७.१ ला साधारण २०.१४ मीटर येतं. पीव्हीसीचं आवरण असलेली आणि उतरती बांधलेली तार याहून थोडी कमीच लागते, पण सुरुवातीला प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवा.

चोक

चोक म्हणजे केबलच्या बाहेरच्या बाजूने वाहणारा करंट अडवणारी गुंडाळी. इथेच मी पहिल्या वर्षी पंधरा दिवस घालवले. गच्चीवर नॅनोव्हीएनए (अँटेना मोजायचं छोटं उपकरण) लावून मोजलं की डिप, म्हणजे शक्ती सगळ्यात कमी परत येते ती फ्रिक्वेन्सी, एका ठिकाणी दिसायचा, खाली खोलीत केबल रिगला जोडली की दुसरीकडे. लॅपटॉपचा चार्जर लावला की आकडा आणखी हलायचा. मी दर वेळी तार कापत राहिले. शेवटी तार इतकी आखूड झाली की पुन्हा जोड द्यावा लागला, आणि दोष तारेत नव्हताच.

दोष केबलमध्ये होता. रिगपासून अँटेनापर्यंत जाणाऱ्या कोॲक्स केबलमध्ये मधल्या तारेभोवती जाळी असते. या जाळीची आतली बाजू आणि बाहेरची बाजू रेडिओ फ्रिक्वेन्सीला दोन वेगळ्या तारांसारख्या वागतात. आतून वर आलेल्या करंटला फीडपॉइंटला, म्हणजे केबल डायपोलला जोडते तिथे, दोन वाटा दिसतात: एक डायपोलची बाजू, दुसरी जाळीची बाहेरची बाजू. म्हणजे डायपोलला तिसरा पाय फुटतो. हा पाय जिन्यातून, खिडकीतून खोलीत येतो, रिग, पॉवर सप्लाय, लॅपटॉप, घराची अर्थिंग या सगळ्यांना चिकटतो. मग तुम्ही जे मोजता ते तारेचं माप नसतं, अख्ख्या घराचं असतं. ट्रान्समिट करताना लॅपटॉपचं यूएसबी कनेक्शन तुटणं, माइक ओठाला लागून चटका बसणं, ही सगळी याच तिसऱ्या पायाची लक्षणं.

म्हणून फीडपॉइंटलाच चोक लावायचा आणि तो तार कापायच्या आधी लावायचा. ३१ नंबर मटेरियलची २.४ इंची फेराइट रिंग घ्या, ती नसेल तर ४३ नंबरची. तिच्यावर आरजी-५८ कोॲक्सचे अकरा-बारा वेढे. केबल भरीव पॉलिथिनची घ्या, फोमची नको, कारण आवळून वळवलेल्या फोममध्ये उन्हाने मधली तार सरकत जाते. जुन्या कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून काढलेली पिवळी-पांढरी रिंग कोणी फुकट दिली तरी वापरू नका. ती लोखंडाच्या भुकटीची असते, या कामाला निरुपयोगी. फेराइट सहसा करडी-काळी आणि बिनरंगाची असते.

अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते एसडब्ल्यूआर हा आकडा सांगतो; एकास एक म्हणजे काहीच परत येत नाही. या टप्प्यावर एक सल्ला हमखास मिळतो: ‘एसडब्ल्यूआर बसत नाही? केबल दोन-तीन फूट कापून बघ.’ मलाही मिळाला होता. हा सल्ला चुकीचा आहे आणि नव्या माणसाचं नुकसान करतो. ५० ओहमच्या केबलची लांबी बदलल्याने एसडब्ल्यूआर बदलायला नको. केबलमधल्या क्षयाने किंचित बदलेल, तेवढाच. दोन-तीन फुटांनी आकडा उड्या मारत असेल तर तिसरा पाय अजून जिवंत आहे, एवढाच त्याचा अर्थ. केबल कापून तुम्ही त्या पायाची लांबी बदलली. पुढच्या महिन्यात टेबल हलवलं की पुन्हा तेच.

नुसत्या कमी एसडब्ल्यूआरवरही विश्वास ठेवू नका. डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा ५० ओहमचा रेझिस्टर, एकास एक दाखवतो आणि हवेत काहीच सोडत नाही. पाणी शिरलेली केबलसुद्धा सुंदर आकडा दाखवते, कारण परत येणारी शक्ती ती वाटेतच खाते.

चोक बसला की नाही याची परीक्षा सोपी. गच्चीवर मोजा, मग खाली रिगच्या टोकाशी मोजा. मग खोलीतली केबल हाताने धरा, गुंडाळा, सरकवा. डिप जागच्या जागी राहिला पाहिजे. तो राहीपर्यंत कात्री घरातच ठेवा. माझ्याकडे चोकनंतर दुसरी गोष्टही झाली: बँडवरची घरघर रिगच्या सिग्नल मीटरवर एस-७ वरून एस-४ वर आली. चार्जर आणि एलईडी दिव्यांचा कचरा याच वाटेने वर चढून डायपोलमध्ये शिरत होता.

माप आणि कात्री

नॅनोव्हीएनए ६.५ ते ७.५ मेगाहर्ट्झवर ठेवून ओपन, शॉर्ट, लोड हे तीन तुकडे एकेक लावून कॅलिब्रेट करा. रेंज बदलली की कॅलिब्रेशन पुन्हा. लोक हे विसरतात आणि तारेला दोष देतात.

आता हिशोब: आताची लांबी गुणिले मिळालेली फ्रिक्वेन्सी, भागिले हवी असलेली फ्रिक्वेन्सी. एकूण २१ मीटरला डिप ६.७२ वर आला आणि ७.१ वर हवा असेल, तर २१ × ६.७२ ÷ ७.१ म्हणजे १९.८८ मीटर. प्रत्येक बाजूने ५६ सेंटिमीटर कमी. पण कापू नका. ४० सेंटिमीटर मागे दुमडून तारेवरच पीळ द्या, वर चढवा, मोजा, मग उरलेलं. दोन्ही बाजू सारख्याच. एसडब्ल्यूआर ७.१ च्या आसपास दीडच्या आत आला की थांबा. १.३ चा १.१ करायला आणखी एक रविवार घालवण्यात अर्थ नाही, समोरच्या स्टेशनला तो फरक ऐकूच येत नाही. पावसात ओली तार डिप थोडा खाली नेते, म्हणून कोरड्या दिवशी मोजलेला आकडाच खरा धरा.

रिगकडे

१३.८ व्होल्टचा सप्लाय, १०० वॅटच्या रिगला २०-२२ अँपिअर देणारा, फ्यूज जागेवर. आधी आठवडाभर नुसतं ऐका.

वळवाच्या दिवसांत, एप्रिल-मेमध्ये, विजांचा धोका असतो, म्हणून काम झालं की कोॲक्स रिगपासून सोडवून खिडकीबाहेर ठेवायचा. ढग दिसल्यावर पळत जाऊन नव्हे, रोज.

फीडपॉइंटचा जोड सेल्फ-अमाल्गमेटिंग (स्वतःलाच चिकटून एकजीव होणाऱ्या) टेपने गुंडाळा आणि केबल घरात शिरण्याआधी तिला खाली झोल द्या, म्हणजे पाणी तिथेच टपकेल. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये पुन्हा मोजा. आकडा हललेला असेल तर तारेला हात लावण्याआधी वरचा जोड उघडा. जाळी काळी-हिरवी पडलेली दिसली तर चकचकीत तांबं लागेपर्यंत केबल मागे कापायची आणि कनेक्टर नवा लावायचा. केबलला कात्री लावण्याचं एवढं एकच कारण मला मान्य आहे.