बॉनेटखालची धग: उन्हाळी ट्रेलआधीची तयारी

एप्रिल-मेमध्ये ट्रेलला, म्हणजे डोंगरातल्या कच्च्या वाटांवर गाडी घेऊन, जायचं ठरलं की टायर, विंच (अडकलेली गाडी ओढायचं यंत्र), टो-स्ट्रॅप (ओढायचा पट्टा) यांची चर्चा आठवडाभर चालते आणि बॉनेट उघडलं जातं ते फक्त कूलंटची पातळी बघायला. पण नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-हरसूलच्या बाजूला भर दुपारी, पारा चाळिशीला टेकलेला असताना, लो रेंजमध्ये (हळू पण जास्त जोर देणाऱ्या गिअरांत) गाडी माणसाच्या चालीने चढत असते तेव्हा समोरून वारा जवळपास नसतोच. सगळा भार पंख्यावर येतो. पंख्याने रेडिएटरमधून ओढलेली गरम हवा बॉनेटखालून बाहेर पडली नाही, तर पुढून कितीही थंड हवा मिळाली तरी उपयोग नाही. या तयारीत मी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गोष्ट बघतो: गरम हवेला बाहेर जायला वाट आहे का?

सुरुवात महिनाभर आधी करा, आणि तीही मोजण्यापासून. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो मुद्दाम मधोमध थांबवलेला असतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातली माहिती वाचणारं यंत्र) लावून मोबाइलवर कूलंटचं खरं तापमान बघा. चढाची चाचणी घ्यायला नांदुरीहून सप्तशृंगी गडावर जाणारा घाट उत्तम आहे. फक्त चैत्र यात्रेचे दिवस टाळा, एक तर तेव्हा रस्ता भाविकांचा असतो आणि गर्दीत घेतलेले आकडे कामाचेही नसतात. सोबत इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर वर पोचल्यावर रेडिएटरची जाळी वरपासून खालपर्यंत तपासा. मध्येच एखादा पट्टा थंड लागला तर तिथल्या नळ्या आतून चोंदल्या आहेत असं समजा. चकचकीत धातूवर हे यंत्र चुकीचं आणि बहुधा कमीच तापमान दाखवतं, तिथे काळी टेप चिकटवून तिच्यावर मोजा.

आता जाळीची बाहेरून सफाई. यात घाई करू नका, कारण निम्म्याहून जास्त गाड्यांचं दुखणं इथेच सापडतं. पुढची ग्रिल काढा आणि एसीचा कंडेन्सर (रेडिएटरपुढची एसीची जाळी) व रेडिएटर यांच्यामधल्या फटीत वरून टॉर्च मारा. समोरून जाळी स्वच्छ दिसते, पण आत डोकावलं की वाळलेल्या काळ्या मातीचा थर, त्यात रुतलेली कुसळं, पाखरांची पिसं, कधी प्लॅस्टिकच्या पिशवीचा तुकडा. आपल्या पठारांवरचं कुसळी गवत दिवाळीनंतर वाळतं आणि त्याची अणकुचीदार बी जाळीच्या पाकळ्यांत अशी घुसते की नुसत्या पाण्याने निघत नाही. आधी मऊ ब्रशने आणि चिमट्याने ती काढा, माती भिजू द्या, मग इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला, म्हणजे हवेच्या उलट, साध्या नळीने पाणी सोडा. सर्व्हिस सेंटरचा प्रेशर वॉशर जवळून मारू देऊ नका. पाकळ्या आडव्या झाल्या की तेवढी जागा कायमची बंद झाली.

याच वेळी रेडिएटरच्या कडा बघा. कारखान्यातून येताना रेडिएटर आणि बॉडी यांच्यामधल्या फटीत फोमच्या पट्ट्या असतात. वर्षानुवर्षांच्या धुण्यात त्या गळून जातात आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. गाडी हळू चालत असली की मागची गरम हवा या फटींतून फिरून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच हवा परत ओढतो. बंद पेशींच्या फोमची पट्टी शे-दोनशे रुपयांत मिळते. इतक्या कमी पैशात इतका फरक पाडणारं दुसरं काम मला माहीत नाही. पंख्याभोवतीचं प्लॅस्टिकचं कवच तडकलं असेल तर तेही बदला.

पंखा व्हिस्कस क्लचचा (इंजिनाच्या फिरण्यावर, घट्ट तेलाच्या जोडणीतून चालणारा) असेल तर इंजिन पूर्ण थंड असताना, चावी काढून, हाताने फिरवा. हाताला बोजड लागायला हवा आणि सोडल्यावर लगेच थांबायला हवा. भिरभिरत राहिला तर आतलं सिलिकॉन तेल संपलं आहे. इलेक्ट्रिक पंख्याला हात लावण्याआधी बॅटरीचं टर्मिनल काढा, तो बंद गाडीतही अचानक सुरू होऊ शकतो. त्याचा रिले (पंखा चालू-बंद करणारा विजेचा स्विच) आणि फ्यूज तपासा, एकेक जादा सोबत ठेवा.

कूलंटबद्दल थोडक्यात: कंपनीने सांगितलेला प्रकार, डिस्टिल्ड वॉटरमध्ये निम्मा-निम्मा. बोअरचं पाणी नको, क्षार आत बसतात. रेडिएटरच्या झाकणाकडे मात्र नीट बघा. नाशिक समुद्रसपाटीपासून 600 मीटरच्या आसपास आहे, इथे साधं पाणी 98 अंशांनाच उकळतं. एक बारचं (बार हे दाबाचं एकक) झाकण दाब धरून ठेवतं म्हणून तोच उत्कलनबिंदू 120 पर्यंत जातो, आणि कूलंट मिसळलं की आणखी वर. झाकणाचं रबर कडक झालं की हा सगळा फायदा गेला, आणि चढावर गाडी पाणी फेकू लागते. ‘थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाका, गाडी गार राहील’ हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. ऐकू नका. खराब असेल तर नवा घाला. त्याच्याशिवाय इंजिन सपाटीवर गरजेपेक्षा थंड चालतं, डिझेल जास्त खातं, आणि काही इंजिनांत कूलंट रेडिएटरला वळसा घालून तसंच फिरत राहतं.

यानंतर हवेची वाट. ग्रिलसमोर लावलेले मोठे दिवे, नंबरप्लेट, विंच या सगळ्यांची सावली रेडिएटरवर किती पडते ते समोर उभं राहून बघा आणि जे हलवता येईल ते हलवा. खाली वाकून बॅश प्लेटही (गाडीच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा) बघा. गिअरबॉक्सपर्यंत एकसंध पत्रा ठोकला असेल तर पंख्याची हवा खालून निघायची वाटच बंद झालेली असते. त्याला लांबट भोकं पाडून घ्या. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक वसाहतींत लेझर कटिंग करून देणारे पुष्कळ आहेत. भोकं इतकीही मोठी नकोत की दगड आत अडकेल.

बॉनेटला लूव्हर (गरम हवा बाहेर पडायच्या फटी) पाडायच्या मी विरोधात नाही, पण ते सगळ्यात शेवटी. वॉरंटी आणि गाडीतल्या बदलांवर बंधन घालणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 यांचा विचार आधी करा. लूव्हरची जागाही डोळ्यांनी ठरत नाही. काचेच्या पायथ्याशी वेगात हवेचा दाब वाढतो, तिथे भोक पाडलं तर हवा बाहेर पडायच्या ऐवजी आत शिरते. बॉनेटच्या मागच्या बिजागरीखाली वॉशर घालून ते उचलण्याचा उपायही याच कारणाने रस्त्यावर फसतो, शिवाय बॉनेटखालचा वास एसीतून केबिनमध्ये येतो. गवंडी लेव्हलला वापरतात तसली पारदर्शक नळी घ्या, यू आकारात वाकवून रंगीत पाणी भरा, एक टोक बॉनेटखाली सोडा, दुसरं बॉनेटवर हव्या त्या जागी पृष्ठभागाला समांतर चिकटवा. शेजारी बसलेल्याने 60 च्या वेगात पाण्याकडे बघायचं. बॉनेटखालच्या टोकाकडचं पाणी खाली दबलं तर ती जागा योग्य. फरक काही मिलिमीटरचाच असतो, पण दिसतो. साधारणपणे रेडिएटरच्या लगेच मागची जागा चांगली निघते. लूव्हरखाली अल्टरनेटर किंवा फ्यूज बॉक्स येत असेल तर पावसाळ्यासाठी पन्हळ लावायला विसरू नका.

एक्झॉस्टची उष्णता अडवताना मला पाइपाभोवती गुंडाळायच्या पट्टीपेक्षा बोटभर अंतर ठेवून बसवलेला ॲल्युमिनियमचा पत्रा जास्त भरवशाचा वाटतो. साध्या लोखंडी पाइपावर पट्टी ओल धरून ठेवते, आणि त्र्यंबकच्या बाजूचा पावसाळा झेलणाऱ्या गाडीचा पाइप आतल्या आत गंजतो. पट्टीत तेल मुरलं तर ती पेटूही शकते. वायरिंग, ब्रेकच्या नळ्या आणि क्लचच्या तेलाची नळी यांना मात्र उष्णतारोधक स्लीव्ह नक्की घाला. बॉनेटखाली उघडा कोन फिल्टर (शंकूच्या आकाराचा एअर फिल्टर) लावला असेल तर काढा, तो तापलेलीच हवा इंजिनाला पाजतो.

ट्रेलच्या दिवशी कठीण चढ सकाळी उरकून घ्या. तापमान चढायला लागलं की एसी बंद, हीटर पूर्ण (तो इंजिनाची उष्णता केबिनमध्ये काढून घेतो), आणि हाय रेंजमध्ये क्लच घासत बसण्याऐवजी लो रेंज, म्हणजे इंजिनाचे फेरे वाढतात, पंखा आणि वॉटर पंपही जोरात चालतात. चढ संपल्यावर इंजिन लगेच बंद करू नका, मिनिट-दोन मिनिटं आयडलवर ठेवा. टर्बोला तेल मिळत राहतं आणि साचलेली उष्णताही बाहेर जाते. रेडिएटरचं गरम झाकण उघडायचं नाही, तापलेल्या मॅनिफोल्डवर (इंजिनाला जोडलेला एक्झॉस्टचा भाग) पाणी ओतायचं नाही. बीएस-6 डिझेलमध्ये डीपीएफचं (एक्झॉस्टमधल्या काजळी अडवणाऱ्या फिल्टरचं) रीजनरेशन, म्हणजे साचलेली काजळी जाळणं, चालू असताना एक्झॉस्ट 600 अंशांच्या आसपास जातो, त्यामुळे जेवायला थांबताना वाळक्या गवतावर गाडी कधीही लावू नका. एका ठिणगीत अख्खा डोंगर जळतो, आणि त्यावर चरणारी गुरं कुणाची तरी असतात.

घरी आल्यावर त्याच संध्याकाळी, इंजिन निवल्यावर, जाळीवर पाणी मारा. माती ओली आहे तोवर ती सहज जाते. दुसऱ्या दिवशी सकाळी कूलंटच्या टाकीतली पातळी बघा. खुणेच्या खाली गेली असेल तर नुसतं भरून ठेवू नका, होजच्या क्लिपा आणि वॉटर पंपाखाली ओल शोधा.