सांवेरचं सोयाबीन विकण्याआधी काय बघावं

सासऱ्यांची इंदूरकडच्या सांवेरजवळची बारा बिघे जमीन माझ्याकडे आली, तेव्हा सोयाबीनचा दाणा मी फक्त डब्यात पाहिला होता. आम्ही इंदूर शहरातल्या रामबागेतली माणसं. आता दर दिवाळीला धाकट्या दिरांचा फोन येतो, "वहिनी, विकू की थांबू?" म्हणून एकदाच लिहून ठेवते.

आधी कागदावर दाण्याची फोड करा. शंभर किलो दाण्यातून साधारण 18 किलो तेल आणि 80 किलो डीओसी, म्हणजे पेंड, निघते. समजा तेल 120 रुपये किलो आणि डीओसी 33 रुपये. तेलाचे 2,160, डीओसीचे 2,640, मिळून 4,800. त्यातून तेल काढणाऱ्या प्लांटवाल्याचा खर्च आणि नफा वजा करा. इंदूरच्या छावणी मंडीत भाव याच्या बराच खाली बोलला जात असेल, तर ट्रॉली परत आणा.

तेलाचा आकडा आपल्या हातात नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं: पाम इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. म्हणून पेपरात आयात शुल्काची बातमी आधी शोधा. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावरचं शुल्क, सेस धरून, 5.5 वरून 27.5 टक्के झालं. मे 2025 च्या अखेरीस 16.5 वर आलं. माझी पंचाईत अशी की मी दोन्हीकडची. शुल्क उतरलं की फोडणीचं तेल स्वस्त, आणि गोडाऊनमधलं पोतंही स्वस्त. त्या दिवशी शेजारच्या काकू खुशीत होत्या. मी गुपचूप पोहे खाल्ले.

डीओसीचं गणित वेगळं. आपल्याकडे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेलं, सोयाबीन पेरायला परवानगी नाही, त्यामुळे आपल्या पेंडीला युरोपात वेगळं गिऱ्हाईक मिळतं. मुळात माळव्यातली काळी जमीन पूर्वी पावसाळ्यात पडीक असायची. 1960-70 च्या दशकांत अमेरिकी वाणांपासून सुरुवात झाली आणि खरिपात पैसा दिसू लागला. हे जगाचं देणं मी नाकारत नाही. पण शिकागोच्या वायदेबाजारातला सोयाबीनचा भाव काढून बघा. तो बुशेलला, म्हणजे सुमारे 27 किलोंना असतो; 3.67 ने गुणलं की क्विंटलचा. दहा डॉलर असेल आणि डॉलर 85 चा धरला, तर साधारण 3,120 रुपये. आपला 2025-26 चा हमीभाव 5,328. एवढी तफावत असताना परदेशात आपली पेंड कोण किती घेणार? वर ऑगस्ट 2021 मध्ये भाव चढले, तेव्हा कोंबडीवाल्यांसाठी सरकारने 12 लाख टन जीएम पेंड आणायला परवानगीही दिली होती.

आता माझा मूर्खपणा. 28 एप्रिल 2022 ला इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात बंद केली. मंडीत सात हजारांच्या वर मिळत होते, मी आठ हजारांची वाट बघत बसले. 23 मे ला बंदी उठली. दिवाळीत तोच माल विकला तेव्हा क्विंटलमागे दोन हजार गेले होते. बटाईदाराने त्याचा वाटा एप्रिलमध्येच विकला होता. तो मला काही बोलला नाही, हेच जास्त लागलं.

तेव्हापासून तीन वाटे करते. एक काढणीनंतर लगेच, देणी भागवायला. दुसरा डिसेंबर-जानेवारीत, ब्राझीलचा नवा माल निघण्याआधी. तिसरा नशिबावर. आणि नेण्याआधी चार दिवस ऊन दाखवा: हमीभावाला ओल 12 टक्क्यांपर्यंतच चालते.